मेक्सिको, मार्गे भाईंदर (पश्चिम)

भाईंदरास इतिहास आहे ही गोष्ट ज्यांस ठाऊक नाही अशा लोकांत भाईंदरचे रहिवासी अग्रगण्य आहेत. या गावाचा उदय पहिल्या बिल्डराच्या पहिल्या पाटीबरोबर झाला व तत्पूर्वी येथे मिठागरे आणि डास यांचाच अंमल होता, अशी आमची सर्वांची प्रामाणिक समजूत. त्यामुळे आमच्या इमारतीतील एक सेवानिवृत्त गृहस्थ सपत्नीक मेक्सिकोची यात्रा करून परतले, आणि पुएब्ला, ग्वानाह्वातो, कुएर्नावाका अशा ज्या नगरांची नावे घेताना कवळी सांभाळावी लागते, तेथील वसाहतकालीन चर्चांची छायाचित्रे त्यांनी दिवाणखान्यातील टीव्हीवर दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हा ‘असले काही आपल्याकडे नाही बुवा’ हा ठराव चिवड्याच्या बश्या हातांत असलेल्या आम्हां सर्वांकडून बिनतक्रार संमत झाला.

पुएब्लाच्या रोझरी चॅपलचा अंतर्भाग सोन्याच्या वर्खाने मढविलेला आहे. तो पडद्यावर झळकताच आमच्या सौभाग्यवती उद्गारल्या, “अगं बाई! आपण पेढ्याला लावतो, हे भिंतींना लावतात!” एवढ्या नेमक्या शब्दांत त्या वास्तूचे वर्णन कोणा कलासमीक्षकाने केल्याचे माझ्या वाचनात नाही.

कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलचे छायाचित्र आले तेव्हा मात्र मला गप्प राहवेना. त्या कॅथेड्रलच्या भिंतींवरील चित्रमालिका दीर्घकाळ झाकलेली राहून गेल्या शतकात डागडुजीच्या वेळी उजेडात आली. नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर चढविलेल्या सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांची ती कथा आहे. मेक्सिकोचे लोक तिच्यात आपल्या फेलिपेला शोधतात, कारण तो त्यांचा पहिला संत. परंतु त्याच सव्वीस जणांत एक गोन्सालो गार्सिया होता. तो जन्मला वसईस, जपानी भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, पुढे मनिलास फ्रान्सिस्कन झाला आणि वकिलातीबरोबर दुभाषी म्हणून जपानात गेला. दोघांनाही संतपदाची सनद एकाच वर्षी, १८६२ साली मिळाली. म्हणजे लाखो रुपयांची तिकिटे काढून, अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा करून हे दांपत्य ज्याच्या चित्रासमोर उभे राहून आले, तो मुळात भाईंदरपासून दोन स्टेशनांवरचा! हा खुलासा मी बैठकीत रुजू करताच क्षणभर शांतता पसरली, आणि मग यजमानीण बाईंनी अत्यंत पोक्तपणे विचारले, “मग त्यांचं इथे मागे कोणी असेल का हो?”

वस्तुतः दोन्ही मुलखांची जन्मपत्रिका फारशी भिन्न नाही. स्पॅनिशांनी १५२१ साली मेक्सिको नगरी जिंकली. त्यांच्या शेजाऱ्यांनी, पोर्तुगीजांनी, १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाशी तह करून वसई पदरात पाडून घेतली. फरक पडला तो पुढे. मेक्सिकोत चिमाजी अप्पा झाले नाहीत. येथे मराठ्यांनी १७३७ साली घोडबंदर घेतले, १७३९ साली आमच्या पश्चिमेकडील धारावीचा किल्ला घेतला, आणि त्याच साली मे महिन्यात वसई सर केली. (पोर्तुगीजांच्या तटबंदीस जे जमले नाही ते विरार गाडीच्या दारातील मंडळी नित्य करून दाखवितात, भाईंदरच्या उतारूस तेथे अद्याप प्रवेश नाही.) शिवाय आमचे सरदार चर्चे पाहून, छायाचित्रे काढून परत येणाऱ्यांपैकी नव्हते. ते घंटाच उतरवून घेऊन आले! नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे, आणि मेणवलीला कृष्णेच्या घाटावर टांगलेल्या १७०७ सालच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियम आहे. भाविक ती वाजवून महादेवास नमस्कार करतात, व त्या तिघांपैकी कोणाचीही तक्रार दप्तरी दाखल नाही. मेक्सिकोनेही आपली बाजू परस्पर चुकती केली आहे. दसऱ्याला आपण दारास ज्याचे तोरण बांधतो तो झेंडू मूळचा त्यांचा. तिकडे नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या सणाला त्याच फुलांनी वेदी सजवितात.

असा सर्व दस्तऐवज मनात घेऊन एका रविवारी मी आमच्याच पश्चिमेकडील उत्तनला चर्च पाहण्यास गेलो. चर्च दिसण्यापूर्वी येथे बोंबील दिसतात, आणि दिसण्यापूर्वी त्यांची वर्दी येते. बांबूंच्या वलांडीवर ते जोडीजोडीने, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून वाळत घातलेले असतात. इतके अभेद्य दांपत्यजीवन मी अन्यत्र पाहिलेले नाही. पलीकडे डोंगरीस पोर्तुगीज अमदानीपासूनचे चर्च आहे. त्याचा रस्ता मी एका कोळीणबाईस विचारला. गळ्यात क्रूस, नेसूचे लुगडे, पुढ्यात टोपली. मला आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, “बाबा, आदी बोंबील घे. चर्च काय पलत नाय.”

एवढा सुसंगत युक्तिवाद मला कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत आढळला नव्हता. मी बोंबलांची जुडी घेतली व ती पिशवीत लपवून मिस्सेस मागल्या बाकावर बसलो. प्रार्थना मराठीतून चालली होती. तीही अशी खणखणीत की आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेतील मराठीची मला लाज वाटली. पिशवीतील मालाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. त्या बाकावर त्याचा वास नवखा नसावा.

वसईच्या किल्ल्यात मात्र जरा जपून जावे. तेथील बहुतेक जुन्या चर्चांस छप्पर उरलेले नाही, भिंतींत वडापिंपळांनी वहिवाट सिद्ध केली आहे, आणि प्रत्येक कमानीखाली लग्नापूर्वीची छायाचित्रे काढून घेणारे एखादे जोडपे उभे असते. त्याची पोझ संपेपर्यंत इतिहासास बाहेर तिष्ठावे लागते. तरीही माझे मत विचाराल तर मेक्सिकोच्या मुलामा दिलेल्या भिंतींपेक्षा ही उघडी भिंत मला अधिक मानवते, कारण हिच्या दगडास आमच्या पावसाची सवय आहे.

मेक्सिकोस जाणाऱ्यांनी खुशाल जावे. कुएर्नावाकास गेलात तर आमच्या गोन्सालोस नमस्कार सांगा. ज्यांचा व्हिसा व्हायचा आहे त्यांच्यासाठी उत्तनची बस भाईंदर पश्चिमेस स्टेशनाबाहेरूनच सुटते. सुटे पैसे जवळ ठेवावेत, आणि पिशवी जाड कापडाची न्यावी.