आमचा पंप नुसत्या पेट्रोलवर फिरवणाऱ्या आबांना

आबा,

फवारणीचा पेट्रोल पंप परत मिळाला. टाकी भरून पाठवलीत, त्याबद्दल आभार. तुमच्याविरुद्धचा पहिला पुरावा त्या टाकीतच होता. त्यातले चार थेंब कोऱ्या कागदावर टाकले. पेट्रोल उडून गेलं आणि कागद होता तसा राहिला. टू-टी ऑइल मिसळलेलं असतं तर तेलकट डाग उरला असता. 1 लिटरला 40 मिली, हे टाकीवरच्या स्टिकरवर छापलंय, पंप नेताना मी तोंडानंही सांगितलं होतं आणि ऑइलची बाटली बरोबर दिली होती. बाटली सील न फोडता परत आली. नेलेल्या सामानातली धड परत आलेली वस्तू तेवढीच.

‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय, साफ करून घ्या,’ असा तुमचा निरोप होता. आबा, कार्बोरेटर स्वच्छ आहे. स्टार्टरची दोरी ओढली तेव्हाच कळलं होतं. चांगलं इंजिन हळू ओढलं की मध्ये एका जागी हाताला अडतं, जोर लावावा लागतो. तुमच्याकडून आलेलं इंजिन कुठेच अडत नव्हतं. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज बसवलं, एक्सिलेटर पूर्ण उघडा ठेवला आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. काटा 60 वर थांबला. एवढ्या लहान इंजिनाला चालायला साधारण 90 पीएसआय तरी लागतात.

मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल आत सोडून परत ओढलं. काटा लगेच वर गेला. टू-स्ट्रोकला मोटारसायकलसारखे व्हॉल्व्ह नसतात, त्यामुळे दाब गळायच्या जागा मोजक्याच: प्लगची बैठक, गॅसकेट, नाहीतर रिंग, पिस्टन आणि सिलिंडर. ऑइलनं फट बुजून दाब वाढला, म्हणजे गळती रिंगेपाशीच.

सायलेन्सर खोलला आणि बॅटरीच्या उजेडात भोकातून पिस्टन पाहिला. पाहवला नाही. सायलेन्सरच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम वितळून खाचेवर फासलं गेलेलं आणि रिंग त्या खाचेत घट्ट रुतलेली. कार्बोरेटर काढून दुसरी बाजूही पाहिली. तिथे कारखान्यातून आलेल्या बारीक रेघासुद्धा शाबूत आहेत. धुळीनं इंजिन गेलं असतं तर हवा आत येते ती हीच बाजू आधी घासून मळकट झाली असती. तेव्हा ‘तुमचा एअर फिल्टरच जुना होता’ हे बाजारपेठेत सांगत फिरू नका. आणि इथेनॉलचं नावही घेऊ नका. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यात आपल्या भागातल्या उसाचाही वाटा आहे. ते ओल धरतं, रबरी नळ्या आणि डायफ्रॅम खराब करतं, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच मी काम संपलं की टाकी रिकामी करून ठेवतो. पण चार दिवसांत पिस्टन सोलून काढणं हे त्याचं काम नव्हे.

हे सगळं तुम्हाला माहीत नाही, असं म्हणायची सोय तुम्ही स्वतःच ठेवलेली नाही. 1972 साली फिरोदियांच्या कायनेटिकनं लुना आणली, आणि पुढे त्याच लुनावर तुम्ही निम्मा वाळवा तालुका पालथा घातलात. पेट्रोलमध्ये ऑइल पडल्याशिवाय तुम्ही पंपावरून हलत नव्हता, कमी टाकलं म्हणून पोराला झापायचा. तुमच्या मुलानं आयुष्यभर फोर-स्ट्रोकच चालवली. तिचं ऑइल वेगळं, खाली साठलेलं असतं, पेट्रोल भरलं की झालं. त्यानं मोटारसायकलच्या टाकीतलं पेट्रोल नळीनं काढून पंपात ओतलं असेल तर त्याला मी दोष देत नाही. इथे पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनखाली क्रँककेसमध्ये जाते, आणि तिच्यातल्या ऑइलवरच बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, सगळं जगतं, हे त्याला कोणी सांगायला हवं होतं. ते सांगणारा माणूस घरातच बसला होता.

माझा खरा राग याच्यापुढचा आहे. पिस्टन पहिल्यांदा धरला तेव्हा इंजिन आवळत जाऊन बंद पडलं असणार. त्याच वेळी थांबून मला हाक मारली असती, तर कदाचित रिंग आणि पिस्टनवर भागलं असतं. तुम्ही ते गार होऊ दिलंत आणि पुन्हा चालवलंत. दर फेरीला ओरखडा खोल गेला. मग दोरी सैल लागायला लागल्यावर पंप पुसून, टाकी भरून, गड्याच्या हाती गुपचूप पाठवून दिलात. बांधाला बांध लागून असलेल्या माणसाशी असं वागतात का? सोयाबीनवर तांबेरा दिसायला लागला होता. ढगाळ, दमट हवेत तो किती झपाट्यानं पसरतो हे आष्ट्यात तुमच्याइतकं कोण जाणतं? हातपंपानं मारत बसलो आणि खालचा तुकडा हातचा गेला.

सिलिंडर वाचवायचा प्रयत्न केला. आतला अ‍ॅल्युमिनियमचा थर काढायला हातमोजे घालून, काडीला कापूस गुंडाळून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लावलं. थर गेला, पण दोन ओरखड्यांत अ‍ॅसिड फेसाळतच राहिलं, म्हणजे वरचा मुलामा फाटून घाव खालच्या धातूपर्यंत गेलेला. जुना बीडाचा सिलिंडर असता तर सांगलीला बोअर करून मोठा पिस्टन बसवला असता. मुलामा दिलेल्या सिलिंडरला ती सोय नाही. शेवटी नवा सिलिंडर, नवा पिस्टन. रिंग आधी सिलिंडरमध्ये सरळ सरकवून तोंडाची फट फीलर गेजनं मोजली, खाचेतल्या पिनेवर तोंडं नीट बसवली, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे केला, सर्क्लिप नव्या घातल्या. क्रँकची ऑइल सीलही बदलली, कारण तिथून हवा ओढली गेली तर मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टनही त्याच वाटेनं जातो. दोरी आता पूर्वीसारखी अडते. पहिल्या टाक्या हलक्या हातानं चालवतोय.

सामानाची पावती सोबत जोडली आहे. मजुरी धरलेली नाही. पावतीची पूर्ण रक्कम तुमच्याकडे निघते, ती या बाजाराच्या दिवसापर्यंत द्या, आणि पैसे मुलाच्या हाती पाठवा. ऑइल मोजून कसं मिसळायचं ते त्याला मी समोर बसवून शिकवीन.