अर्थात सर

अर्थात सरांना साधी गोष्ट साधेपणानं सांगायची सोय नाही. राजकमल चौकात ते भेटले आणि "सर, बडनेऱ्याहून येताना ऑटो बंद पडला" असं आपण म्हटलं, की चष्मा कपाळावर चढतो, दोन बोटं हवेत जातात आणि सुरू होतं, "अर्थात, ऑटो हा इथं..." ऑटो दुरुस्त होऊन बडनेऱ्याची आणखी एक फेरी मारून येतो, तरी सरांचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलेलं नसतं.

त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर असेल. गावात विचारायचं ते 'अर्थात सर कुठं राहतात' असंच. एका कॉलेजात मराठी शिकवून ते निवृत्त झाले, म्हणजे पगार थांबला. शिकवणं चालू आहे. हा नमुना एकट्या अमरावतीचा नव्हे. अकोल्यात, अचलपुरात, कुठल्याही ग्रंथालयात पंख्याखालची खुर्ची धरून बसलेले एक अर्थात सर सापडतातच. आमचे जरा जास्त मुरलेले, एवढंच.

गडकरी १९१९ साली सावनेरला वारले, म्हणजे विदर्भाच्या मातीत, म्हणून सर त्यांच्यावर वारसाहक्क सांगतात. परीक्षेत त्यांचा ठरलेला प्रश्न असे : 'एकच प्याला'मधला प्याला कशाचं प्रतीक आहे? पोरं पाठ केल्याप्रमाणे मोह, नियती, ऱ्हास वगैरे लिहून मोकळी होत. मोर्शीकडच्या एका पोरानं तीनच शब्द लिहिले : 'दुसऱ्या प्याल्याचं प्रतीक.' सर तो पेपर आठवडाभर स्टाफरूममध्ये दाखवत हिंडले आणि पोराला पैकीच्या पैकी गुण दिले. पोरगं अजून शपथेवर सांगतं, "मी तं मजाक केला होता राजेहो."

मर्ढेकरांच्या उंदरांवर तर सरांनी हयात काढली. १९४७ च्या 'काही कविता'मधले ते पिंपातले उंदीर. सरांनी पहिल्यांदा शिकवलं तेव्हा ते महायुद्धात मेलेले सैनिक होते. पुढं ते गिरणी कामगार झाले. जागतिकीकरण आल्यावर मध्यमवर्ग झाले. सध्या ते मोबाइलवाले आहेत. मेलेले असल्यामुळे उंदरांची काही तक्रार नाही. तक्रार काकूंची. एकदा आम्ही चारपाच जण सरांच्या ओसरीत बसून हे उंदीर-पुराण ऐकत होतो, तर आतून काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि उभ्या राहिल्या.

"मेलेल्या उंदरांचं आयकलं. थे कोठीतले जिते उंदीर गव्हाच्या पोत्यात घुसून राह्यले, त्याइचं काय करता?"

सर म्हणाले, "अर्थात..."

"अर्थात नका लावू. पिंजरा लावा."

सर प्रतीकं उलगडतात ती प्रमाण भाषेत, 'ण' घोळवून. चिडले की मात्र वऱ्हाडीवर येतात. त्यामुळे सर कधी मनापासून बोलतायत आणि कधी व्याख्यान देतायत, हे दाराबाहेर चपला काढतानाच कळतं.

कोणी फारच हटकलं की सर रिद्धपूर गाठतात. मोर्शी तालुक्यातलं हे गाव, म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'चं. पण सरांचा जीव 'लीळाचरित्रा'त नाही, केसोबासांच्या 'दृष्टान्तपाठा'त आहे. आधी चक्रधर स्वामींचं सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्तातली कोणती गोष्ट कशाला लावायची याचा खुलासा. असे ११४. हत्ती चाचपणारे आंधळे त्यातच भेटतात. कुणाच्या हाती सोंड लागते, कुणाच्या हाती पाय. सर म्हणतात, "अर्थात, बाकीचा महाराष्ट्र गोष्टी सांगायला शिकत होता तेव्हा आमच्याकडे त्यांचा अर्थ लावणं चालू होतं!" वर चक्रधरांच्या महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिप्या आहेतच. सकळ लिपीतल्या त्या पोथ्या राजवाड्यांनी उलगडेपर्यंत बाहेरच्यांना वाचताच येत नव्हत्या. ज्या पंथानं अक्षरंसुद्धा झाकून ठेवली त्याच्या परिसरात विहिरीला विहीर म्हणून सोडून द्यायचं काय, असा सरांचा बिनतोड सवाल असतो. मला विचाराल तर केसोबासांत आणि सरांत फरक इतकाच की केसोबासांच्या हाती आधी सूत्र होतं. सरांच्या खिशात दार्ष्टान्तिक तयार असतं. दिसेल तो दृष्टान्त धरून त्याला ते चिकटवायचं.

गावच्याच सुरेश भटांशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. भट १९३२ साली अमरावतीत जन्मले याचा अभिमान आहे, पण गझलेवर राग आहे. शेर ऐकला की सभागृह 'वाहवा' म्हणतं आणि पुढच्या शेराची वाट पाहतं. अर्थ विचारायला सरांकडे कोणी येत नाही. "गझलेनं पोटावर पाय देल्ला," हे वाक्य त्यांनी वऱ्हाडीत म्हटलेलं आहे, म्हणजे ते मनापासूनचं. याउलट नागपूरचे ग्रेस हे सरांचं बारमाही ओलिताचं वावर. कवी २०१२ साली गेला, पीक अजून निघतंय.

एकदा 'वाडा चिरेबंदी'चा प्रयोग झाला. एलकुंचवारांचं १९८५ चं हे नाटक म्हणजे आमच्याच भागातलं पडकं घर, आमचीच बोली. प्रयोगानंतर चर्चा ठेवली होती आणि चर्चेला सर होते. वाड्यापुढं गंजत पडलेल्या ट्रॅक्टरवर ते वीस मिनिटं बोलले : सरंजामी व्यवस्थेचं कलेवर, आधुनिकतेचा अर्धवट गर्भ, आणखी बरंच. मागून दर्यापूरकडचे एक शेतकरी उठले. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी.

"सर, आमच्या आंगनातबी असाच उभा हाये जी. तीन वर्सं झाले."

सर आनंदले. "पाहा! म्हणजे तुमच्याही दारात प्रतीक आहे."

"प्रतीक नाही जी, ट्रॅक्टर हाये. हप्ते थकले." ते थोडं थांबले. "पाह्यजे तं तुम्ही घेऊन जा."

हशा पिकला, सरही हसले. पण दुसऱ्या दिवशी ते शेतकरी बसस्टँडवर नाटकाचं पुस्तक शोधत होते, हे मी स्वतः पाहिलं. कशाला, म्हटलं. तर म्हणाले, "थ्या पुस्तकात ट्रॅक्टरचं शेवटी काय होते, थे पाह्याचं हाये."

सरांच्या या उपद्रवाची खरी कमाई बघायची तर ग्रंथालयातली 'धग' उघडावी. उद्धव शेळक्यांची ही १९६० ची कादंबरी म्हणजे कौतिकच्या संसाराची आणि भुकेची गोष्ट. सरांना पेन्सिलनं समासात लिहायची वाईट खोड. एका पानावर त्यांनी लिहिलंय, 'चूल = ?' त्याखाली निळ्या शाईत कोणीतरी : 'चूल = चूल.' त्याखाली सर : 'वरवरचं वाचन.' त्याखाली तिसरंच गोल, नीट अक्षर : 'घरी सयपाक केला काय कधी?' इथं सर गप्प आहेत. पण पुढं सात-आठ पानांनंतर भुकेवर त्यांनी 'अस्तित्वाची पोकळी' असं लिहिलंय आणि त्याच गोल अक्षरानं ते खोडून, रेघ मारून, बाजूला फक्त 'नाही' लिहिलंय. मला स्वतःला ते 'नाही' मराठी समीक्षेतल्या बऱ्याच मोठ्या लेखांपेक्षा पटतं. ग्रंथपाल चिडतात, दंडाची पाटी दाखवतात. पण त्या प्रतीवरची तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली, हेही तेच सांगतात. शेजारच्या कपाटातल्या ज्या कादंबऱ्यांना सरांनी हात लावला नाही, त्यांची पानं अजून कोरी करकरीत आहेत.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं एकदा सरांना कोंडीत पकडायचं ठरवलं. १९६३ साली अमेरिकेत ब्रूस मॅकॅलिस्टर नावाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी पोरानं दीडशे लेखकांना पत्रं पाठवली होती : तुम्ही प्रतीकं मुद्दाम घालता का? जवळपास निम्म्यांनी उत्तरं दिली, आणि त्यांतल्या काहींनी सरळ नाही म्हणून सांगितलं. भाचा विजयी मुद्रेनं बघत राहिला. सरांनी चष्मा पुसला. "अर्थात, उरलेल्या निम्म्यांचं मौन बघ."

अकोल्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून जागतिक विक्रम झाला. पुढं त्याच रस्त्यानं मी सरांबरोबर एका कविसंमेलनाला निघालो. मराठी कवितेतली 'वाट' ही प्रतिमा त्यांनी बसमध्ये उलगडायला घेतली. मूर्तिजापूर मागं पडलं तरी सर केशवसुतांच्या पुढं सरकले नव्हते. रस्ता करणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटलं.

संमेलनात बार्शीटाकळीकडच्या एका तरुण कवीनं विहिरीवरची कविता वाचली. बरी होती. सर उठले. "अर्थात, ही विहीर म्हणजे सामूहिक नेणीव. काठ म्हणजे संस्कृती, आणि खाली जाणारा दोर..."

कवी अवघडून म्हणाला, "सर, आमच्या वावरात विहीर हाये. तिच्यावरच केली जी कविता."

"कवीला कुठं ठाऊक असतं!" सर म्हणाले, आणि टाळ्या सरांना पडल्या. पोरगं खाली मान घालून बसलं.

मध्यंतरी सर चार दिवस दिसले नाहीत. काकू म्हणाल्या, "गेले असतीन कोठी अर्थ पाह्याले." मी फार लक्ष दिलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोच कवी अमरावतीला आला. खादीचा झब्बा, वाढवलेले केस, थोडा खाली आणलेला आवाज. कविता वाचण्याआधी त्यानं प्रस्तावना केली. ही विहीर म्हणजे आपणा सर्वांची सामूहिक नेणीव आहे, तिचा काठ ही आपली संस्कृती आहे, असं तो म्हणत असतानाच मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सर उभे होते. चष्मा नाकावरच होता, बोटं खिशात होती.

"कायची नेणीव बे? विहीर हाये थे! मी सोता जाऊन पाह्यली. तुह्या बापानं चहा पाजला मले तथी. पाच एचपीची मोटर बसवली हाये तिच्यावर, अन् लाइन येते रातच्याले दोन वाजता!"