काचेची काशी

मराठीत काशीला दोन अर्थ आहेत. जिथे गेल्यावर माणसाचं कल्याण होतं ते गाव म्हणजे काशी. आणि नीट चाललेल्या कामाचं वाटोळं झालं की आपण कपाळाला हात लावून म्हणतो, ‘झाली काशी!’ हे दोन्ही अर्थ एकाच सकाळी आणि एकाच गाडीच्या बाबतीत अनुभवायला मिळणं हा पूर्वजन्मीच्या पुण्याचा भाग. ते माझ्या गाठीला होतं.

पुण्याहून नागपूर, जबलपूर, रीवा करत दीड हजार किलोमीटरच्या आसपास गाडी हाकली. जबलपूरच्या अलीकडे ट्रकच्या चाकाखालून खडे उडाले, रीव्याला एका म्हशीने आरशाला पाठ घासून घेतली, पण काचेचा एक टवका उडाला नाही. आणि वाराणसीत दुर्गाकुंडाजवळ, सावली बघून, हँडब्रेक ओढून, भिंतीला चिकटून उभी केलेली गाडी सकाळी सहा वाजता फुटली. वरच्या कठड्यावरून लाल तोंडाच्या माकडांची रोजची फेरी चालली होती. एकाने पलीकडच्या गच्चीवर उडी घेतली. माकड तिकडे गेलं आणि कठड्याची सुटलेली वीट इकडे आली.

मोटारीची पुढची काच फुटते, पण सांडत नाही. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. 1903 साली फ्रान्समध्ये एडुआर बेनेडिक्टस नावाच्या गृहस्थांच्या प्रयोगशाळेत एक चंबू खाली पडला. त्याला तडे गेले, पण आतल्या रसायनाचा थर वाळून बसलेला असल्यामुळे तुकडे जागचे हलले नाहीत. त्यावरून त्यांना ही युक्ती सुचली. त्यांच्या कृपेने माझी वीट बॉनेटवर घरंगळली आणि काचेवर मधोमध कुणीतरी कुरडई घालून गेल्यासारखी नक्षी उरली. डॅशबोर्डवरचा गणपती त्यातून नऊ-दहा दिसत होता. विम्याचा दावाही असाच असतो हे मला नंतर कळलं. तोही फुटतो, पण सुटत नाही.

आमचे तीर्थोपाध्याय ब्रह्माघाटाकडचे. घराणं मराठी, पण कैक पिढ्या काशीत मुरलेलं. त्यांनी काच पाहिली, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, “आपण बिलकुल चिंता नका करू. माकडं इथली मालक. आपण सगळे किरायेदार.”

“गुरुजी, विमा आहे.”

“मग चिंता करा,” ते म्हणाले.

कंपनीला फोन लावला. मराठीसाठी सात दाबा, म्हणून सात दाबलं. पंधरा मिनिटं सतार ऐकवल्यावर एक मुलगी आली. अत्यंत गोड. फक्त तिच्यापुढे जे प्रश्न होते ते माकडांचा विचार न करता काढलेले होते.

“सर, घटनेच्या वेळी गाडी कोण चालवत होतं?”

“कोणी नाही. उभी होती.”

“वेग किती होता?”

“गाडीचा की विटेचा?”

“समोरच्या वाहनाचा नंबर?”

“वाहन नव्हतं हो. माकड होतं.”

पलीकडे बराच वेळ नुसती कळफलकाची टकटक. मग तिने जरा आवाज खाली आणून विचारलं, “सर, माकड तुमचंच होतं का?”

मेहुणा शेजारी उभा होता. हा माणूस गेली सहा वर्षं गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा काढतो आणि वाचलेल्या पैशांचा हिशेब लग्नकार्यात सांगतो. तो म्हणाला, “भावजी, थर्ड पार्टीतच भागलं असतं. फर्स्ट पार्टी तुम्ही, सेकंड कंपनी, थर्ड पार्टी ते बघा, वर केळं खातंय.” त्याची मोजणी बरोबर होती. चूक एवढीच, की मोटार वाहन कायदा, 1988 जो विमा सक्तीचा करतो तो आपल्या गाडीमुळे तिसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देण्यासाठी. तिसऱ्यामुळे आपलं झालं तर नाही. म्हणजे मी माकडाला लागलो असतो तर निदान अर्ज करायला जागा होती. माकड मला लागलं तर मेहुण्याच्या पॉलिसीत एक कपचीसुद्धा मिळाली नसती. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे सर्वंकष विमा लागतो. तो माझ्याकडे होता, आणि त्या क्षणी मेहुण्यापेक्षा आपण मोठे आहोत असं मला वाटलं. हे सुख साधारण दीड तास टिकलं.

तो दीड तास मी पॉलिसी वाचण्यात घालवला. काशीत लोक काय काय वाचतात. मी कलमं वाचली. गाडीवर कोसळू शकणाऱ्या संकटांची ती यादी पाहून छाती दडपते. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगा, संप, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड, दहशतवाद आणि दंव. होय, दंव! गाडी रस्त्याने, रेल्वेने, नदीतून, विमानातून किंवा चक्क लिफ्टमधून नेताना काही झालं तरी भरपाई आहे. गंगेवर रामनगरला मालवाहतुकीचं बंदर 2018 सालीच झालंय. तिथून गाडी होडीत घालून आणली असती तर त्याचीही सोय होती. माकड मात्र कुठे नाही. ते बसवायचं तर दोन जागा उरतात. एक, ‘बाह्य अपघाती कारण’. दुसरी, ‘दुष्ट हेतूने केलेलं कृत्य’. कंपनीला नेमकं हेच हवं होतं. माकडाचा हेतू काय होता?

मी गुरुजींना विचारलं. त्यांनी कानाला हात लावला. “तिकडे जवळच संकटमोचन आहे. आणि आपण हनुमानजींच्या गणावर दुष्ट हेतूचा आरोप लेखी देणार?” मी निमूटपणे ‘अपघाती’वर खूण केली. पोलिसांत नोंद हवी का, याबद्दल मुलीला खात्री नव्हती. गुरुजींना होती. “काशीचे कोतवाल कालभैरव. इथल्या कोतवाली ठाण्यात मुख्य खुर्ची त्यांचीच, साहेब शेजारच्या खुर्चीवर बसतात. आपली तक्रार वर आधीच गेलेली आहे.”

मग व्हिडिओवरून पाहणी झाली. पाहणी होईपर्यंत काचेला हात लावायचा नाही, हा नियम. सर्व्हेअर साहेबांनी मला फोन धरून गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या. विश्वनाथालासुद्धा मी इतक्या निष्ठेने घातल्या नव्हत्या. “तडा जुना तर नाही ना?” त्यांनी विचारलं. मी वीट कॅमेऱ्यासमोर धरली. तिचंही वय त्यांनी विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

नंतर त्यांनी घसाऱ्याचं शास्त्र समजावलं, आणि काशीत इतका शुद्ध वेदान्त मला दुसऱ्या कोणी सांगितला नाही. गाडीचा लोखंडी देह वर्षागणिक झिजतो. पहिले सहा महिने काही नाही, मग 5 टक्के, मग 10, 15, 25, 35, 40, आणि दहा वर्षांपलीकडे 50. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक ही तर जन्मतःच अर्धमेली. त्यांचे पहिल्या दिवसापासून 50 टक्के कापतात. फायबरचे 30. आणि काच? काचेला घसारा शून्य. काच जीर्ण होत नाही, म्हातारी होत नाही, काळ तिला शिवत नाही. गाडीच्या नश्वर देहात आत्मा म्हणून काही असेल तर ती काच! फक्त हा आत्मा विटेने फुटतो, ही एक त्रुटी राहिली.

मी हरखलो. काचेचे पूर्ण पैसे! “हो, काचेचे पूर्ण,” ते म्हणाले. “पण काच नुसती कशी बसेल?” ती ज्या रबरात बसते ते रबर नश्वर, म्हणून निम्मं. ज्या मसाल्याने चिकटते तो एकदा वापरला की संपला, म्हणून तो वगळला. त्यासाठी वेगळा जोडविमा घ्यायला हवा होता. शिवाय प्रत्येक दाव्यात पहिले 1,000 रुपये मालकाचे. इंजिन 1,500 सीसीच्या वर असेल तर 2,000. आणि काच लखनौहून यायला तीन दिवस लागणार, त्या तीन दिवसांचं गेस्ट हाऊसचं भाडं? ते ‘परिणामी नुकसान’. पॉलिसीत वगळलेलं. कर्माची फळं भोगल्याशिवाय सुटका नाही असं आपले लोक सांगतात. विमा कंपनी म्हणते, आम्ही फक्त कर्म भरून देतो, फळं तुमची तुम्ही भोगा.

आता हिशेब. काच 7,800, रबर 900, मसाला आणि सटरफटर 1,100, मजुरी 1,200. एकूण 11,000 रुपये. कंपनी काच पूर्ण, रबर निम्मं आणि मजुरी धरून 9,450 मानणार, त्यातून 1,000 वजा करून 8,450 देणार. वाईट नाही, असं म्हणत मी सही करणार, तेवढ्यात सौ. म्हणाली, “बोनसचं काय?”

बोनस! अकरा वर्षांत मी एकदाही दावा केलेला नाही. कंपनी त्याला ‘नो क्लेम बोनस’ म्हणते, म्हणजे न मागितल्याबद्दलचं बक्षीस. पहिल्या निर्मळ वर्षाला 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50. मी केव्हाचाच पन्नाशीत पोचलो होतो. एक दावा केला की पुन्हा शून्य, आणि पुढच्या वर्षापासून पहिलीच्या वर्गात बसून वीस, पंचवीस. स्वतःच्या नुकसानीचा माझा मूळ हप्ता 8,000 धरला आणि तो तेवढाच राहील असं मानलं, तर पाच वर्षांत हातचे जाणार 4,000, 2,400, 2,000, 1,200 आणि 400. सौ.ने पूजेच्या यादीच्या पाठीमागे बेरीज केली. बरोबर 10,000. कंपनीकडून 8,450 घ्यायचे आणि त्याबद्दल हप्त्याहप्त्याने तिला 10,000 परत करायचे. बोनस वाचवणारा जोडविमाही मिळतो म्हणे. म्हणजे विम्याचा उपयोग करता यावा म्हणून विम्याचा विमा.

तेव्हा मला विम्याचं खरं स्वरूप कळलं. आपल्या देवघरात गंगेचा सीलबंद गडू असतो. तो दरवर्षी पुसायचा, हळदकुंकू वाहायचं आणि डाग दिलेलं झाकण कधी उघडायचं नाही. त्यातला थेंब शेवटच्या घटकेला. पॉलिसी म्हणजे तोच गडू. गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली, चेंदामेंदा झाला तरच फोडायचा. तहान लागली म्हणून गडू फोडणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. काच फुटली म्हणून दावा ठोकणाऱ्याला कंपनी तेच म्हणते, फक्त सभ्य भाषेत, टक्केवारीत.

विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धुमाळीत सापडले, वाटेत लुबाडले गेले, तरी गंगेची कावड घरी घेऊन आले. त्यांना कोणी विचारलं नाही, लुटारूंचा हेतू काय होता. ना ग्राहक क्रमांक, ना ओटीपी. ओटीपीवरून आठवलं. दुपारी गुरुजींनी लाल कापडात गुंडाळलेली वही काढली. “गाव?” मी सांगितलं. “आडनाव?” तेही सांगितलं. पाच मिनिटांत माझ्या पणजोबांची मोडी सही समोर. त्याच दिवशी सकाळी, अकरा वर्षं हप्ता घेणाऱ्या कंपनीला चार ओटीपी, आधार आणि इंजिन नंबर देऊनही माझी पॉलिसी ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ असं दोनदा सांगण्यात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी नवी काच बसली. इतकी स्वच्छ, की फास्टॅगसुद्धा नव्हता. तो जुन्या काचेवरच राहिला. उकलायला गेलं की फाटतो, तसाच बनवलेला आहे. नवा टॅग बँक पुण्याच्या पत्त्यावर पाठवणार. तोवर येताना प्रत्येक नाक्यावर रोख द्यायचा तर दुप्पट टोल. पुन्हा परिणामी नुकसान. पुन्हा फळं.

निघताना गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. “काशीत काही सोडायचं असतं. काय सोडलंत?”

सौ.ने पडवळ सोडलं. आमच्याकडे पडवळ आलेलं मी लग्नापासून पाहिलेलं नाही. मेहुण्याने सिगारेट सोडतो म्हटलं, पण काशीपुरती.

“आणि आपण?”

“मी दावा सोडला, गुरुजी. अकरा हजार खिशातून भरले.”

त्यांनी नापसंतीने मान हलवली. “असं नाही चालत. आवडीची चीज सोडायची असते.”

“अकरा वर्षं हप्ता भरतोय,” मी म्हटलं, “आवड असल्याशिवाय कोणी भरतं का?”

गुरुजींनी पळीभर पाणी माझ्या तळहातावर सोडलं. वर कठड्यावर माकडांची फेरी पुन्हा सुरू झाली होती. वीट गेली तिथे मोकळी फट होती, आणि शेजारच्या दोन विटा आता सैल दिसत होत्या. मी संकल्प अर्ध्यावर टाकून गाडी काढायला धावलो.