बारा फुटी बेकार

(एडिसन, न्यू जर्सी. ऑक्टोबर संपत आलाय, हॅलोविन तोंडावर. सून शिडीवर. सासूबाई वेंगुर्ल्याहून मुक्कामाला आलेल्या. त्या खुर्चीत, म्हणजे देखरेखीवर.)

सासू : हा कोण उभा केलास?

सून : सांगाडा, आई. बारा फुटी. होम डेपोने 2020 साली काढला तेव्हा हातोहात खपला होता. आपल्याला यंदा मिळाला.

सासू : केवढ्याला?

सून : 299 डॉलर.

सासू : (बोटं मोजून) पंचवीस हजार! ना मांस, ना कातडं, आणि पंचवीस हजार! करतो काय?

सून : उभा राहतो. डोळे फिरवतो.

सासू : तेवढं तर तुझे सासरे फुकट करतात.

सून : ही दोरी धरा जरा. आतून पोकळ आहे, वाऱ्याने आडवा होतो.

सासू : आमच्या आरवलीचा वेतोबा बघ...

सून : आई, तो देव. हे भूत.

सासू : तेच तर सांगतेय. भुतं त्याच्या हुकमात. लोक त्याला या एवढाल्या चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्रभर गावाची राखण करत फिरतो, तळ झिजतात त्यांचे. हा तुझा अनवाणी. कुठे जाणंच नाही ना मेल्याला!

सून : मेलेलाच आहे तो.

सासू : आणि या भोपळ्याचा गर कुठाय?

सून : टाकला.

सासू : टाकला? घारगे झाले असते गं!

सून : नसते झाले. हा कोरायचाच भोपळा. पाणचट, नुसते दोरे. खायचा वेगळा असतो, लहान आणि गोड.

सासू : म्हणजे यालाही कामधंदा नाही.

सून : आहे ना, हा दिवा आहे! मूळचा आयर्लंडचा. जॅक नावाच्या एका चिक्कू माणसाने सैतानाला फसवलं. मेल्यावर त्याला स्वर्गात घेईनात, नरकात सैतान घेईना. शेवटी सैतानाने एक निखारा देऊन हाकलला. तो निखारा कोरलेल्या सलगमात ठेवून अजून भटकतोय म्हणे. आयरिश लोक इथे आले, त्यांना भोपळा सापडला. मोठा, शिवाय कोरायला सोपा.

सासू : सैतानाला फसवलं? नक्की आयर्लंडचाच ना? मला आमच्या सिंधुदुर्गातला वाटतो. ...आणि याच्या ओठांना हे काय चोपडलंयस?

सून : व्हॅसलीन. नाहीतर सुकून आठवड्यात तोंड आत जातं.

सासू : तरीच! मी सकाळपासून टाचांना डबी शोधतेय.

सून : ते जाळ्यांचं पाकीट द्या ना. झुडपांवर नको, दारावरच लावू. झुडपांत पाखरं अडकतात.

सासू : पाखरांची काळजी करणारी भुतं! आमच्या मुंजाला सांगितलं तर पिंपळावरून हसून पडेल.

सून : आणि संध्याकाळी बाहेरचा दिवा बंद करू नका. दिवा दिसला की मुलं गोळ्या मागायला येतात.

सासू : भूत येऊ नये म्हणून आम्ही दिवा लावायचो, तुम्ही यावं म्हणून लावता. बरं, मी शेंगदाण्याचे लाडू वळलेत.

सून : अजिबात नको! कितीतरी मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असते. बंद पाकिटातलंच द्यायचं.

सासू : भुताला शेंगदाणा चालत नाही? आधी नाही का सांगायचं! जन्मभर लिंबू-मिरच्या बांधत बसले मी.

(सून उतरते. सांगाडा डोळे फिरवतो. सासूबाई त्याच्याकडे बघून पदर सावरतात. परपुरुष तो परपुरुषच.)

सासू : एक तारखेला याला ठेवणार कुठे?

सून : तीच तर पंचाईत आहे. गॅरेजमध्ये जागा नाही. पुष्कळ लोक काढतच नाहीत. डिसेंबरात लाल टोपी चढवली की झाला सांताक्लॉज.

सासू : आणि मधे दिवाळी आहे ती? तोवर बसून खाणार? आकाशकंदील दे त्याच्या हातात. तुझा नवरा दरवर्षी त्या शिडीवर लटपटतो, तो तरी वाचेल.

सून : आई! मंडळाचे लोक येणार फराळाला. दारात सांगाडा?

सासू : मग उघडाबंब कशाला ठेवतेस, धोतर नेसव.

सून : बारा फुटाला पुरेल? तुमचं नऊवारी...

सासू : खबरदार! सासऱ्यांची दोन धोतरं जोड. इथे आल्यापासून ते अर्ध्या चड्डीतच असतात.