बाकीचे कुठी रायले?

(एकपात्री विनोदी प्रयोग. रंगमंचावर एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा पेला. मागे राजवाड्याचा रंगवलेला पडदा. तो कालच्या नाटकाचा आहे, सोडवायला कुणी आलेलं नाही. वक्ता येतो, पडद्याकडे एकदा बघतो, खुर्चीत बसतो.)

झाडीपट्टीत एकटा माणूस स्टेजवर आला की प्रेक्षकांतून पहिला प्रश्न ठरलेला. "काऊन जी, एकटाच आलास? बाकीचे कुठी रायले?" प्रश्न रास्त आहे. दिवाळी झाली, धान कापून झालं की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक असतं. ते दहाच्या सुमाराला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. त्यात नायक असतो, खलनायक असतो, विनोदी नट तर असतोच, गाणं असतं, नाच असतो, ऑर्गन-तबला असतो, आणि समोर बसून सगळ्यांना वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर असतो. अशा प्रेक्षकाला तिकीट लावून एकच माणूस दाखवायचा म्हणजे तोलात मारल्यासारखं आहे. त्यात तो माणूस शिवाजी महाराजांबद्दल बोलत नाही, हुंड्याबद्दल बोलत नाही, स्वतःबद्दल बोलतो! म्हणजे गुन्हे दोन झाले. एक, संख्येत फसवणूक. दुसरा, आत्मप्रौढी. मी आज या आरोपीचा वकील आहे. वकील स्वतःबद्दल बोलत नसतो, त्यामुळे माझं आयुष्य इथे येणार नाही. माझे कुणी नातेवाईक बसले असतील तर त्यांनी मोकळा श्वास घ्यावा. माझं म्हणणं एवढंच आहे, की स्टेजवर स्वतःचं आयुष्य सांगणारा चांगला एकपात्री नट हा रंगभूमीवरचा सगळ्यात कमी आत्मप्रौढी मिरवणारा माणूस असतो. कारण त्याच्या प्रयोगात सगळ्यात लहान भूमिका 'मी'ची असते.

(पाणी पितो.)

आता पुरावा. पहिला साक्षीदार आमगावचा. हसू नका, खरंच आमगावचा. भवभूती! 'उत्तररामचरित' लिहिणारा, आठव्या शतकातला. त्यानं आपलं गाव पद्मपूर म्हणून सांगितलं, आणि ते पद्मपूर म्हणजे आपल्या आमगावजवळचं पदमपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. त्याच्या नावाचं कॉलेजही आमगावात आहे. आता हा माणूस नाटकाच्या प्रस्तावनेत काय करतो बघा. वाजपेय यज्ञ केलेल्या महाकवीपासून पाचव्या पिढीतला, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जतुकर्णी, स्वतःचं नाव श्रीकंठ, सगळी वंशावळ देतो. तलाठ्याकडे वारसनोंदीला गेल्यासारखी. नाटक सुरू व्हायचंय, प्रेक्षक ताटकळलेत, आणि इकडे आजोबांचं नाव चाललंय! पण खरी गंमत पुढे आहे. हे सगळं तो स्वतः येऊन बोलत नाही, सूत्रधाराच्या तोंडी घालतो. 'मालतीमाधवा'त तर टीकाकारांना उद्देशून म्हणतो, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. काळ अनंत आहे, पृथ्वी मोठी आहे, माझ्या जातकुळीचा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल. ही तक्रारसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून. म्हणजे जवळजवळ तेराशे वर्षांपूर्वी या माणसाला कळलं होतं, की 'मी' उघडा घेऊन स्टेजवर गेलात तर लोक मारतील, त्याला अंगरखा पाहिजे. आणि हे प्रयोग व्हायचे कुठे? कालप्रियनाथाच्या यात्रेत. यात्रा आणि नाटक! मंडईची कल्पना आपल्याला वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्यांनी दिली असं समजणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

भवभूतीनंतर मराठी रंगभूमीनं त्या अंगरख्याचे पुष्कळ प्रकार शिवले. सदानंद जोशी 'मी अत्रे बोलतोय' करायचे. बोलायचे जोशी, पण 'मी' अत्र्यांचा. सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' केलं, तिथे 'मी' सावित्रीबाईंचा. म्हणजे आपल्याकडे 'मी' भाड्यानं घेतलेला चालतो, त्यातही मालक मोठा आणि दिवंगत असेल तर टाळ्या लवकर पडतात. याला मी कमी लेखत नाही, ही फार अवघड कामं आहेत. पण एक विचित्र गोष्ट उरतेच. दुसऱ्याचं आयुष्य 'मी' म्हणून सांगितलं तर ती अभिनयाची कमाल, आणि स्वतःचं सांगितलं तर "हा कोण लागून गेला टिकोजीराव?" जिवंत, साध्या, पुतळा नसलेल्या माणसाच्या 'मी'ला आपण दाराबाहेर चपलांजवळ उभं करतो.

(उठतो, खुर्ची टेबलाच्या पुढे आणून ठेवतो, तिच्या मागे उभा राहतो, सलूनमध्ये उभं राहतात तसा.)

त्या चपलांजवळून सरळ आत आला तो राम नगरकर. नाभिक घरातला माणूस. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला, 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडक्यांबरोबर गाजला. आणि मग या माणसानं स्वतःचं आयुष्यच उचलून स्टेजवर आणलं. 'रामनगरी'! एकपात्री म्हणून गाजलं, पुस्तक म्हणून गाजलं, आणि १९८२ साली कांतिलाल राठोड यांनी त्यावर हिंदी चित्रपट काढला, त्यात अमोल पालेकर राम झाले. आता आरोप बघा, आत्मप्रौढी! ज्या समाजात सकाळी सकाळी न्हावी समोर आला तर काहींना अपशकुन वाटायचा, आणि त्याच न्हाव्याशिवाय लग्न मात्र लागायचं नाही, त्या समाजातला माणूस हजामतीचा धंदा, घरची माणसं, आपली फजिती हे सगळं भर सभागृहात सांगतो. यात प्रौढी कुठे आहे? उलट प्रेक्षकाला वाटतं, आता हा आपल्याला बोलणार, जातीवरून झोडणार. आणि हा आधी स्वतःच्याच गालावर वस्तरा फिरवतो. प्रेक्षक हसायला लागतो, हसता हसता त्याच्या ध्यानात येतं की साबण आपल्याही तोंडाला लागलाय. तोवर उठून जायची सोय राहिलेली नसते, अर्धी दाढी घेऊन कोण उठतं? भाषणानं हे झालं नसतं. भाषण करणारा उंचावरून बोलतो आणि ऐकणारा आपापल्या सोयीनं झोपतो. 'माझी कशी फजिती झाली ऐका' म्हटलं की झोपलेलाही उठतो, कारण दुसऱ्याच्या फजितीसाठी महाराष्ट्र केव्हाही जागा असतो.

आता विरुद्ध पक्षाचे वकील उठतील. म्हणतील, हे सगळं खरं कशावरून? आत्मचरित्र म्हणता आणि पाहिजे तशी पदरची भर घालता. मान्य आहे, घालतात. पु. ल. देशपांड्यांच्या 'असा मी असामी'त जो 'मी' बोलतो तो धोंडो भिकाजी कडमडे जोशी. पुरुषोत्तम लक्ष्मण नव्हे. म्हणजे नाव आत्मचरित्राचं आणि आत्मा कल्पित! पण ते ऐकून कुणी ग्राहक मंचाकडे गेल्याचं ऐकिवात नाही. प्रत्येक कारकुनाला तो 'मी' आपलाच वाटला. कोर्टात खरं म्हणजे घडलेलं. स्टेजवर खरं म्हणजे ओळखीचं. माणसानं आपल्या लग्नाची गोष्ट सांगताना वऱ्हाडी दोनशेचे चारशे केले तर चालतं; सासऱ्याचा आवाज खोटा काढला तर मात्र पहिल्या रांगेतला सासरा उठून जातो. खऱ्याखोट्याची परीक्षा तिथे होते, आकड्यात नाही. आणि आवाजाचंच म्हणाल तर लक्ष्मण देशपांडे! 'वऱ्हाड निघालंय लंडनला', १९७९ पासून. एका माणसानं बावन्न पात्रं उभी केली, नाव गिनीज बुकात गेलं. "बाकीचे कुठी रायले?" याचं उत्तर त्या माणसानं देऊन टाकलंय. बाकीचे सगळे आतच आहेत, एकाच सदऱ्यात! वऱ्हाड हे त्यांचं आत्मचरित्र नव्हे, म्हणून तर २००९ साली ते गेल्यावर संदीप पाठक ते करू शकले. स्वतःचं आयुष्य सांगणाऱ्याची ही सोय नाही. त्याचा प्रयोग त्याच्याबरोबर जातो, असं म्हणतात.

(बोट वर करून.)

असं 'म्हणतात'. कारण अमेरिकेत स्पाल्डिंग ग्रे नावाचा नट होऊन गेला. एक टेबल, एक खुर्ची, एक वही आणि पाण्याचा पेला. (आपल्या टेबलाकडे बघतो.) हो, हे तिथूनच आलंय. राजवाडा मात्र आपला! त्याला 'द किलिंग फील्ड्स' या १९८४ च्या चित्रपटात एक बारकी भूमिका मिळाली. आपल्याकडे एवढ्या भूमिकेवर माणूस फार तर फ्लेक्स लावतो. त्यानं 'स्विमिंग टू कंबोडिया' नावाचा स्वगताचा प्रयोग केला, आणि तो इतका लांबला की दोन संध्याकाळी मिळून व्हायचा. ज्यांना वाटतं एकटा माणूस रात्रभर पुरणार नाही, त्यांनी हे टिपून घ्यावं. वहीत फक्त मुद्दे असायचे, वाक्यं तिथल्या तिथे व्हायची. आणि तो २००४ साली गेल्यावर त्याच्याच गोष्टी अनेक नटांनी वाटून घेऊन सादर केल्या. म्हणजे एकाचं आयुष्य सांगायला पाच जण लागले. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हा हिशेब नक्की पटेल.

अमेरिका राहू द्या, आपला कीर्तनकार घ्या. रात्रभर गाव बसवून ठेवतो की नाही? विरोधक म्हणतील, त्याच्या मागे टाळकरी असतात आणि पाठीशी देव असतो. बरोबर. एकपात्री नटाच्या पाठीशी भावकी असते! आणि इथेच सगळ्यात जड आक्षेप येतो, तो मी हसून उडवणार नाही. तुम्ही तुमचं आयुष्य सांगता ते ठीक, पण त्यात बायको येते, भाऊ येतो, शेजारी येतो. त्यांना कुणी विचारलं? त्यांनी कुठे तिकीट काढून स्वतःची नक्कल मागितली होती? नाटकात प्रॉम्प्टर नटाला विसरलेलं वाक्य सांगतो. या प्रयोगात तिसऱ्या रांगेतून बायको सांगते, "असं झालंच नव्हतं!" माझ्या मते याला एकच नियम आहे, नगरकरांनी पाळलेला. वस्तरा आधी आपल्या गालावर, आणि दुसऱ्याच्या गालावर आपल्याइतका खोल कधीच नाही. ज्या प्रयोगात नट सोडून सगळे मूर्ख दिसतात, तो एकपात्री प्रयोग नसतो. ती एकतर्फी सुनावणी असते. असे प्रयोगही होतात. त्यांच्यासाठी मी वकीलपत्र घेतलेलं नाही.

(खुर्ची जागेवर नेऊन ठेवतो. उभाच राहतो.)

आता शेवटची शंका. हे पुण्या-मुंबईचं फॅड आहे, गोंदियाला कशाला? अहो, गोंदियालाच! १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. एका अंगाला मध्य प्रदेश, एका अंगाला छत्तीसगड, मधून मुंबई-हावडा रेल्वे. इथला माणूस घरात पोवारी बोलतो, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, शेतात झाडीबोली, आणि छत्तीसगडी व्याही आला की त्याची भाषा. सकाळपासून रात्रीपर्यंत पाच आवाज बदलतो, तेही बिनपगारी. दुसरीकडे नटांना यासाठी वर्ग लावावे लागतात. रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत एखाद्या बांधीच्या कडेला पाच मिनिटं उभे राहा. चिखलात वाकलेली बाई मुकादमाची नक्कल करते, सरपंचाची करते, आपल्या नवऱ्याची करते, आणि हात थांबत नाही. बाकीच्या बायका हसून हसून चिखलात बसायच्या बेतात. तिथे पडदा नाही, माईक नाही, एवढाच फरक. तिचा 'मी' आजवर कुठल्या स्टेजवर आला? आपल्या नाटकात तिची भूमिका असते, ती तिनं नाही, लेखकानं लिहिलेली. पदर डोळ्याला लावून रडायची.

आणि आपले नट! गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हजारो प्रयोगांनंतर. थंडीच्या रात्री या गावाहून त्या गावी जाणारी नाटकाची गाडी, पाठांतर न झालेला नायक, प्रॉम्प्टरचा बसलेला घसा, पहाटे नाटक संपल्यावर मंडपात घोरत पडलेला पाहुणा आणि त्याला उठवायला आलेली त्याची आत्या. हे सगळं या पट्ट्यातल्या प्रत्येक नटाच्या पोतडीत आहे. तो ते चहाच्या टपरीवर सांगतो, फुकट. स्टेजवर आला की राजाचा मुकुट घालतो आणि दुसऱ्याचं आयुष्य सांगतो. आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही मंडईच्या मंडळाला माझी विनंती आहे. नाटकाची रात्र तशीच ठेवा, त्याला धक्का लावू नका. पण आदल्या संध्याकाळी त्याच मंडपात दोन तास एका माणसाला द्या. राईस मिलचा हमाल असो, रेल्वेतला माणूस असो, नाटकातला जुना नट असो. आणि पहिल्या वर्षी रोवणीवाली बाई असली तर उत्तमच. खर्च एका खुर्चीचा आहे. पडदा कुठलाही चालेल. मानधन मात्र पूर्ण द्या, माणूस एक आहे म्हणून अर्धं करू नका.

(नमस्कार करतो. पाण्याचा पेला उचलून आत जातो. राजवाड्याचा पडदा तसाच.)