फी ऑगस्टात, परतावा फेब्रुवारीत

गरिबाच्या घरात पैसा किती येतो याइतकंच तो कधी येतो यालाही मोल असतं. अमेरिकेतल्या दोन करसवलती शेजारी ठेवल्या की हे लख्ख दिसतं.

पहिली ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’, १९७५ पासूनची, तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्यांसाठी. सवलत करापेक्षा जास्त निघाली तर वरची रक्कम सरकार रोख देतं. २०२४च्या कमाईवर तीन मुलांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त ७,८३० डॉलर. तिच्या नियमांत फीचा उल्लेखही नाही. पण पैसे येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी बारावीतली मुलगी कॉलेजच्या पत्रांची वाट बघत असते तेव्हा. हॉटेलच्या खोल्या आवरणारी आई त्यातून तुंबलेलं भाडं देते, गाडीचं झिजलेलं टायर बदलते आणि कॉलेजात जागा धरून ठेवण्यापुरते पैसे बाजूला काढते. ती मुदत बहुतेक ठिकाणी १ मेची. दयानंद मनोली आणि निकोलस टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०१८मध्ये करविवरणपत्रांच्या आधारे दाखवलं, की त्या मोसमात हजार डॉलर जास्त हाती आले तर अशा घरांतल्या शंभर मुलांमागे साधारण एक मूल जास्त कॉलेजात जातं. हे एक मूल मला फार मोठं वाटतं.

दुसरी सवलत खास कॉलेजसाठीच, २००९ची ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिट’. कमाल २,५०० डॉलर. मात्र ज्याला करच लागत नाही, त्याच्या हाती फार तर हजार. वर्षाला दीड लाख डॉलर कमावणारं जोडपं पूर्ण अडीच हजार घेऊन जातं! आणि आधी फी भरायची, मग पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून सवलत मागायची. वरातीमागून घोडं. जॉर्ज बुलमन आणि कॅरोलाइन हॉक्स्बी या अर्थतज्ज्ञांनी शिक्षणासाठीच्या अशा करसवलती तपासल्या, तेव्हा त्यांच्यामुळे कॉलेजला जाणारी मुलं वाढल्याचं जवळपास दिसलंच नाही. ज्यांच्याकडे फी होती ती मुलं तशीही गेलीच असती.

शिष्यवृत्ती येईल तेव्हा येईल म्हणत मंगळसूत्र गहाण टाकून फी भरणारी आई मी आपल्याकडेही पाहिली आहे. म्हणून या उफराट्या हिशेबाचा मला राग येतो. सवलत द्यायचीच असेल तर कॉलेजच्या खिडकीवरच बिलातून वजा करा, ऑगस्टात, मुलगी रांगेत उभी असतानाच.