नऊ की साडेआठ?

अड्यारच्या सरदार पटेल रस्त्यावर, हरणं मोकळी चरतात त्या आवारात, आयआयटी मद्रास १९५९ पासून नांदते आहे. तिथली श्रेणीची शिडी मोठी मजेशीर. 'एस'ला १० गुण, 'ए'ला ९, 'बी'ला ८, 'सी'ला ७, 'डी'ला ६ आणि मग 'ई'ला एकदम ४. पाच कुठे गेला, ते हरणांनाच ठाऊक! 'यू' म्हणजे भोपळा.

समजा, तिथे शिकणाऱ्या एखाद्या सांगलीकराला १० क्रेडिटच्या गणितात 'बी' मिळाला आणि ३ क्रेडिटच्या वर्कशॉपमध्ये 'एस'. आठ अधिक दहा, भागिले दोन; तो घरी 'नऊ' कळवून मोकळा. संस्था मात्र प्रत्येक श्रेणीच्या गुणांना आधी क्रेडिटने, म्हणजे त्या विषयाच्या वजनाने, गुणते: ८० अधिक ३०, म्हणजे ११०. त्याला १३ ने भागलं की येतात ८.४६. कानस घासघासून कमावलेला 'एस' गणिताच्या वजनाखाली पार चेपून जातो.

त्यात फोनवर वडिलांचा प्रश्न तयारच असतो, "ते राहू दे, टक्के किती?"

चिरंजीव पहिल्याच सत्रात 'नऊ' म्हणाले, तर पेढे आणण्याआधी क्रेडिट तेवढे विचारून घ्या.